पॅनयार्डला मराठीत काय म्हणावं?

काशीत बसून त्रिनिदादच्या संगीतावरचा एक दीर्घ लेख मराठीत आणत होते, तेव्हा पहिली अडचण वाद्याच्या नावाचीच आली. इंग्रजीत स्टीलपॅन, आणि वाजवणाऱ्यांच्या तोंडी नुसतं 'पॅन'. आमच्या दुर्गा घाटाजवळच्या गल्लीत हा शब्द उच्चारला की समोरचा गालातला विडा सावरून पुढचं ऐकायला तयार होतो. मराठीत अर्धचंद्र असल्यामुळे पान टळतं, पण मग आयकर खात्याचं कार्ड आठवतं. शेवटी 'पॅन'च ठेवला. दुसरा शब्द होता 'पॅनयार्ड'. त्याने मला महिनाभर अडवलं.

वाद्य समजायला सोपं आहे, घडवायला अवघड. तेलाचं साधारण २०० लिटरचं लोखंडी पिंप घ्यायचं आणि ते पालथं घालून त्याचा तळ घणाने ठोकत ठोकत परातीसारखा खोल करायचा. त्या खोलगट भागावर एकेका सुराचा घर आखायचा, मग आच द्यायची आणि थंड झाल्यावर लहान हातोडीने प्रत्येक घर सुरात आणायचं. वरच्या पट्टीच्या पॅनसाठी पिंपाचा काठ आखूड कापतात. खर्जासाठी अख्खी पिंपं लागतात आणि एकेका वादकाभोवती अशी सहा-सहा, नऊ-नऊ उभी असतात. रबर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायचं. टाकाऊ धातूतून सूर काढण्याचं वेड आपल्याकडेही आहे. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँनी अनाथ मुलांचा वाद्यवृंद उभा केला, त्यातलं नलतरंग बंदुकीच्या नळ्यांचं होतं. पण मैहरमागे राजाश्रय होता. पॅनच्या मागे पोलीस होते.

पॅनचा इतिहास सुरू होतो तो ढोल बंद पाडण्यापासून. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामी कायद्याने संपली, १८३८ मध्ये उरलीसुरली बंधनंही गेली. मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी कार्निव्हल आपलासा केला : मशाली, लाठ्यांचे सामने, ढोल. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर पोलीस आणि मिरवणुकीतले लोक एकमेकांना भिडले. त्यानंतरच्या तीन वर्षांत कायदे कडक झाले, कार्निव्हलमधल्या ढोलांवर बंधनं आली. आणि १८८४ च्या ऑक्टोबरात सॅन फर्नांडोजवळ पोलिसांनी दुसऱ्या एका मिरवणुकीवर गोळीबार केला, त्यात अनेक माणसं मेली. ही मिरवणूक मोहरमची होती. तिथे तिला 'होसे' म्हणतात. ताबूत घेऊन निघालेले लोक ऊसमळ्यांतले हिंदुस्थानी मजूर होते, त्यांत हिंदूही होते, आणि त्यांच्या गळ्यात ताशे होते.

ताशे हा शब्द मी मराठीकरणासाठी घातलेला नाही. त्रिनिदादमध्ये आजही ते वाद्य 'तासा' आहे. जोडीला मोठा ढोल आणि झांज. वाजवण्याआधी चामडं शेकोटीवर तापवून ताणून घेतात. पुण्याच्या पथकातल्या माणसाला तिथल्या लग्नाच्या वरातीत उभं केलं तर घाई वेगळी वाटेल, पण हातात काय द्यायचं हे सांगावं लागणार नाही.

ढोल गेले तेव्हा शहरातल्या गरीब वस्त्यांनी बांबू हातात घेतले. वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरायचा, याला 'तांबू बांबू' म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बांबूंच्या जागी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याची पिंपं आली. महायुद्धात १९४२ पासून रस्त्यावरचा कार्निव्हल बंद होता, पण वस्त्यांच्या मागच्या अंगणांत ठोकाठोक चालूच राहिली. डबा एका जागी जास्त ठोकला गेला की तिथला आवाज बदलतो, हे तिथल्या पोरांच्या लक्षात आलं. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट अशी काही नावं यात घेतली जातात आणि पहिला कोण यावर तिथे अजून कडाक्याचे वाद होतात. मला त्या वादात रस नाही. १९४५ मध्ये युद्ध संपल्याच्या आनंदात लोक रस्त्यावर आले, तेव्हा डब्यांना सूर फुटलेले होते. अमेरिकी तळ आणि बेटावरचा तेलाचा धंदा यांमुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता.

१९५१ मध्ये निरनिराळ्या वस्त्यांतले निवडक वादक एकत्र करून 'त्रिनिदाद ऑल स्टील परकशन ऑर्केस्ट्रा' लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी पाठवला गेला. लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ या बँडमास्तरांनी त्यांना शिस्त लावली, आणि पाश्चात्त्य संगीतातले सगळे बारा स्वर मिळतील अशी पॅन घडवून घेतली. गंजलेली पिंपं पाहून हसायला आलेले लोक ऐकत उभे राहिले. पुढे अँथनी विल्यम्सने पॅनवर स्वरांची मांडणी चतुर्थ-पंचमाच्या नात्याने केली, म्हणजे शेजारची घरं एकमेकांना साथ देतील अशी. स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, १९६३ मध्ये, 'पॅनोरमा' ही स्पर्धा सुरू झाली. आज त्यातल्या मोठ्या वृंदात शंभराहून अधिक वादक असतात आणि बहुतेकांना नोटेशन वाचावं लागत नाही. आठ-दहा मिनिटांची रचना रात्रीमागून रात्री ऐकून, तुकड्यातुकड्याने पाठ करतात.

हे सगळं ज्या अंगणात घडतं ते पॅनयार्ड.

'अंगण' फार घरगुती वाटतं. 'सरावाची जागा' म्हणजे काहीच नाही. काशीकर म्हणून मला 'अखाडा' सुचला, कारण सुरुवातीचे हे वृंद आपापल्या मोहल्ल्याचे लाठीबहाद्दर संघ होते. नावं हॉलिवूडच्या सिनेमांतून उचललेली : डेस्परॅडोज, इन्व्हेडर्स, रेनेगेड्स. मिरवणुकीत दोन वृंद समोरासमोर आले की डोकी फुटत. सभ्य घरांतल्या मुलांना पॅनला हात लावायची बंदी असे. पण अखाड्यात सूर बसत नव्हते. मग एके दिवशी आईशी मराठीत बोलताना सापडला तो शब्द : तालीम. कुस्तीची तालीम आणि नाटकाची तालीमही. घाम, दांडगाई, उस्ताद, पाठांतर, उद्याचा सामना, सगळं एका शब्दात. हिंदीत मी हे करू शकले नसते, तिथे तालीम म्हणजे शिक्षण.

या तालमींतली सर्वांत बदनाम होती पोर्ट ऑफ स्पेनमधली, १९४८ ची रेनेगेड्स. १९७० च्या सुमारास तिला ॲमोको या तेल कंपनीने आश्रय दिला (पिंपं आधीच तेलाची होती, आता पैसाही तेलाचा झाला), आणि लवकरच तिथे जीत सामारू नावाचा वीस-एकवीस वर्षांचा संगीत-रचनाकार आला.

सामारू १९५० मध्ये लोपिनो खोऱ्याजवळच्या सरी गावात जन्मला, तेरा भावंडांतला एक. आईकडून ढोलकी शिकला. त्या खोऱ्यात स्पॅनिश वळणाची नाताळची गाणी म्हणतात, त्यांच्या साथीचं क्वात्रो हे चार तारांचं वाद्य तो वाजवायचा. मग पॅन. भावंडांचा घरचा वृंदही त्याने उभा केला. रेनेगेड्ससाठी त्याने बांधलेल्या रचनांनी १९८२ ते १९९७ या काळात पॅनोरमा नऊ वेळा जिंकली. शेवटची तीन वर्षं सलग, १९९५, ९६ आणि ९७. तोवर कुणी हॅट्ट्रिक केली नव्हती. पैकी १९९५ ची रचना ब्रायन लाराच्या विक्रमावरच्या कॅलिप्सोवर होती, हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या भावाला या लेखातलं तेवढंच आवडलं.

सामारू गिरमिटियांच्या वंशातला. १८४५ च्या मे महिन्यात फतेल रझाक हे जहाज पहिले मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसं कोलकात्याच्या आणि काही मद्रासच्या बंदरातून तिथे गेली. बरीचशी आमच्या भागातली : गाझीपूर, आझमगड, बस्ती, आणि स्वतः बनारस. अर्काटी म्हणजे भरती करणारे दलाल तीर्थक्षेत्रांत, मेळ्यांत माणसं हेरत. तिथे आजही वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात. शब्द भोजपुरीतून गेला, पण वाचताना मी दचकले होते.

त्यामुळे सामारू ऐकताना मी बनारस शोधू लागले, हे उघड आहे. सोळा मात्रांचे झपाट्याचे तुकडे आले की मला तिहाई ऐकू येई. अनुवादाच्या मसुद्यात एक तळटीपही लिहिली होती, 'बनारस घराण्याच्या तबल्याशी साम्य' वगैरे. मग १९९२ आणि त्यानंतरचं वाचलं. त्या वर्षी पॅनला राष्ट्रीय वाद्य ठरवलं. देशात भारतीय वंशाचे लोक एक तृतीयांशाहून अधिक. त्यांच्यातल्या काहींनी विचारलं, कुणाचं राष्ट्र? शाळांत पॅन शिकवायची योजना निघाली तेव्हा सनातन धर्म महासभेचे सतनारायण महाराज म्हणाले, मग आमच्या मुलांना हार्मोनियम द्या. गावोगावी यावर भांडणं झाली.

हार्मोनियम! युरोपात जन्मलेली, मिशनऱ्यांबरोबर आलेली, कोलकात्यात हातभात्याची झालेली. तिच्याशिवाय आपलं नाट्यसंगीत उभं राहत नाही, आणि तिलाच 'परकी' म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बाहेर ठेवलं. ती तिकडे अस्सल भारतीयपणाची खूण म्हणून उभी होती, पिंपातून काढलेल्या वाद्याच्या विरुद्ध. आणि त्याच दशकात पॅनची सर्वांत मोठी स्पर्धा ढोलकीच्या घरातला मुलगा जिंकत होता, पोर्ट ऑफ स्पेनच्या त्या तालमीला घेऊन. महासभेला तो पुरेसा भारतीय नव्हता की तालमीला पुरेसा आफ्रिकी नव्हता, अशी एकही नोंद मला त्याच्या संगीतात सापडली नाही. त्याला भारतीय ठरवायची घाई मला झाली होती, हजारो मैलांवर, गंगेच्या काठी.

खरं तर मला तरी कळायला हवं होतं. आमचं घर काशीत सात पिढ्या आहे. गागाभट्टांच्या शहरात मराठी माणूस नवा नाही. तरी रिक्षावाला आडनाव ऐकून विचारतो, मूळ कुठले? पुण्याला गेले की तिथला विचारतो, मराठी छान बोलता हो! दोघांनाही मी तळटीपेसारखी वाटते.

ती टीप मी काढून टाकली. संपादकांनी 'तालीम'वर प्रश्नचिन्ह टाकून मसुदा परत पाठवला : वाचकाला कुस्ती वाटेल. मी उत्तरात लिहिलं, वाटू द्या, दोन वाक्यांनी पिंपं येतात. गणपतीचे दिवस होते. खालच्या गल्लीत मंडळाची पोरं ताशाचं चामडं तापवत बसली होती, आणि एकाला जमत नव्हतं म्हणून सगळे त्याच तुकड्यावर अडकले होते, पुन्हा पुन्हा, सुरुवातीपासून.