वईचा काटा कुणाचा?

आज आम्ही परसातल्या वईबद्दल बोलणार आहोत. पेण-रोह्याकडे परसाला, वाडीला, वालाच्या शेताला लाकडाकाट्यांचं जे कुंपण घालतात, ती ही वई. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात. पण वईलाही इतिहास आहे, आणि तो बराचसा बायकांच्या डोक्यावरून वाहून आलेला आहे.

आधी काम कसं चालतं ते पाहू. वर्षातून दोनदा वईला हात लावावा लागतो. एकदा वैशाखात, पावसाच्या आधी. तेव्हा वई नीट झाली तर पावसाळ्यात तिच्यावर काकडी, शिराळी, पडवळ चढवता येतात. दुसऱ्यांदा भात कापल्यावर. तेव्हा गुरं मोकळी सुटतात आणि भाताच्या ओलीवर पेरलेला वाल राखायचा असतो.

खड्डे खणून खांब उभे करायचे काम बहुतेक घरांत पुरुष करतात. आडव्या बांबूंना कारवीच्या काठ्या आणि करवंदीचे काटे लावून बांधणं, आणि मग वर्षभर शेळीने पाडलेलं एकेक भोक बुजवणं, हे बायकांचं. ‘जरा वई बघून येते’ म्हणून गेलेली बाई तासाभराने हाताला ओरखडे घेऊन परत येते. त्या तासाला कुणी काम म्हणत नाही.

खांब कुठे कुजतो? वरही नाही आणि खोल तळाशीही नाही. माती, हवा आणि पाणी जिथे एकत्र येतात, तिथे जमिनीलगत तो आधी सडतो. म्हणून खांब घेताना साग किंवा ऐन यांचा आतला पक्का, गडद भाग पाहून घ्यायचा. पुरायचं टोक जमिनीच्या वर वीतभर येईल इतकं जाळून काळं करायचं. काजूच्या टरफलाचं तेल फासलं तर वाळवी लांब राहते, मात्र ते हाताला लागलं तर कातडी सोलते, तेव्हा जपून. बांबू तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की त्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. जिथे जमेल तिथे सुक्या खांबाऐवजी पांगारा किंवा शेवग्याची फांदी रोवायची. ती पालवते आणि खांब दरवर्षी बदलावा लागत नाही. मधे निरगुडी लावली तर गुरं तिला तोंड लावत नाहीत.

एवढं करूनही काटे आणि काठ्या दरवर्षी नव्या लागतातच. त्या येतात रानातून, आणि वईचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1981 मध्ये आलं. इंग्रजांनी 1878 साली जंगल कायदा केला. रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. काल ज्या टेकडीवरून आजी मोळी आणत होती, तिथून आज काठी आणली तर तो गुन्हा ठरू लागला. त्याआधीच, 1871 साली, गुरांच्या घुसखोरीचा कायदा आला होता. दुसऱ्याच्या पिकात गेलेलं गुरू कोंडवाड्यात जाई आणि दंड भरून सोडवून आणावं लागे. म्हणजे वई नसेल तर लोकांची गुरं आपलं पीक खाणार आणि आपली गुरं कोंडवाड्यात जाणार. आणि वई घालायला काटा आणावा तर रानाचा रखवालदार वाटेत उभा.

भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणाऱ्या फांद्यांचंही तेच झालं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढ्या तक्रारी गेल्या की 1885 साली सरकारला जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. बोलणं झालं, अहवाल झाला, पण रान सरकारचंच राहिलं.

पुढे 1930 साली मिठाच्या सत्याग्रहाबरोबर महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पेटले. इथून जवळच, उरण तालुक्यात चिरनेरला, 25 सप्टेंबर 1930 रोजी लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळावर जमले. गोळीबार झाला, माणसं मेली. चिरनेरला त्यांचं स्मारक आहे. शाळेत आपण शिकतो की तो लढा स्वातंत्र्याचा होता. तो होताच. पण त्या लोकांच्या मागण्या जळण, राब, चारा अशा घरच्याच होत्या. वईची काठीही त्याच रानातली.

स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांचा 1927 चा जंगल कायदा चालू राहिला. केंद्राच्या त्या कायद्यात बांबूला ‘झाड’ धरलं होतं. बांबू हे गवत आहे हे आपल्याला ठाऊक होतं, पण कायद्यातली ती व्याख्या बदलायला 2017 साल उजाडलं.

खरा बदल 2006 च्या वनहक्क कायद्याने केला. रानात आणि रानाच्या काठाने राहणाऱ्या आदिवासींसाठी, म्हणजे आपल्याकडच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांसाठीही, तो कायदा आहे. तीन पिढ्या रानावर जगलेल्या इतरांनाही त्यात दावा करता येतो. त्यातली गौण वनउपजाची व्याख्या आम्ही मोठ्याने वाचली, तेव्हा बैठकीतल्या बायका हसल्या. बांबू, काटक्याकुटक्या, बुंधे, वेत. ही तर आपल्या वईच्या सामानाची यादी! पूर्वापार गोळा करत आलेल्यांना हे सगळं गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्या कायद्याने मान्य केला आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. जमिनीचा हक्क मिळाला तर लग्न झालेल्यांच्या बाबतीत तो नवरा आणि बायको दोघांच्या नावावर नोंदवायचा असतो. तेव्हा कागद हातात आला की आधी आपलं नाव शोधा. दुसरं म्हणजे, पुरावा म्हणून फक्त सरकारी कागदच चालतात असं नाही. गावातल्या वयस्कर माणसांनी सांगितलेलं लिहून काढलं, तर तोही पुराव्यात धरतात. मात्र सांगणारी व्यक्ती स्वतः दावेदार नसावी.

आता तुम्ही म्हणाल, रस्त्याकडेच्या प्लॉटला तारेची जाळी लागली, सिमेंटचे खांब आले, वई कोण घालतो? खरं आहे. तार टिकते, आणि काही ठिकाणी तिने जुनी पायवाटही अडवली आहे. आम्ही तारेच्या विरोधात नाही. पण वई संपली की काटा कुठून आणायचो ही आठवण संपेल, आणि हक्क मागताना तीच आठवण कामाला येते.

म्हणून एक काम सांगतो. या वैशाखात वई बांधाल तेव्हा घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवा. काटे कुठून आणायचात, कारवी कुठल्या खोऱ्यातली, कुठली वाट, वाटेत पाणी कुठे प्यायचात, कोण बरोबर असायचं, ते विचारा. मुलीकडून वहीत उतरवून घ्या, आजीचा अंगठा किंवा सही घ्या, आणि ती वही ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे ठेवा. त्या समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. तुमच्या गावात तेवढ्या आहेत का, तेही त्याच दिवशी मोजून या.