तालुक्याचे गाव ते नगरपंचायत : कोरेगावच्या नागरी प्रशासनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील नागरीकरणाचा अभ्यास बहुधा मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरांभोवती फिरतो. तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या वाढीकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या उदाहरणाच्या आधारे, वाढत्या वस्तीला साजेशी स्थानिक संस्था देण्यात शासनाने केलेल्या प्रगतीचा व तिच्या मर्यादांचा आढावा घेतला आहे.

एकाच तालुक्यातील दोन वाटा :
१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. त्यानंतर १८५० च्या २६ व्या कायद्यान्वये या प्रदेशात नगरपालिका स्थापन होऊ लागल्या. आज कोरेगाव तालुक्यात असलेल्या रहिमतपूर या व्यापारी पेठेस १८५३ मध्येच नगरपालिका मिळाली. कोरेगावला मात्र तालुक्याचे मुख्य ठिकाण असूनही २०१६ पर्यंत नागरी संस्थेची वाट पाहावी लागली. म्हणजे या दोन गावांच्या नागरी दर्जात १६३ वर्षांचे अंतर पडले.

रहिमतपूरचा दर्जा पेठेच्या बळावर आला, तर कोरेगावची वाढ शासकीय कारभाराच्या आश्रयाने झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला. मामलेदार कचेरी व न्यायालय यांमुळे तालुक्यातील माणसांची ये-जा होतीच. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषद व पंचायत समिती व्यवस्था अमलात आल्यावर विकासकामांचे तालुका पातळीवरील केंद्रही कोरेगावच झाले. पुढे रयत शिक्षण संस्थेच्या डी. पी. भोसले महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची व बाजारपेठेने शेतकऱ्यांची रहदारी वाढविली.

या वाढीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. सकाळी येऊन सायंकाळी परतणारा माणूस जनगणनेत कोरेगावचा रहिवासी ठरत नाही. रस्ता, पाणी, स्वच्छता व वाहनतळ यांवरील त्याचा भार मात्र कोरेगाववरच पडतो.

ग्रामपंचायतीची चौकट :
१९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम शेतीप्रधान गाव डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता. घरपट्टी व पाणीपट्टी ही उत्पन्नाची मुख्य साधने होती. गावठाणाबाहेरील जमिनीच्या बिगरशेती वापराची परवानगी महसूल खात्याच्या हाती होती. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार नियोजन प्राधिकरणाचा अधिकार नगरपालिकेस मिळाला, ग्रामपंचायतीस नाही. परिणामी वस्ती वाढत राहिली, परंतु उद्या रस्ता कोठून जाणार व मोकळी जागा कोठे राखायची, हे ठरविणारी अधिकृत यंत्रणा गावात नव्हती.

घटनादुरुस्ती आणि नगरपंचायत :
१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने 'संक्रमणशील क्षेत्र' ही संकल्पना मांडली व अशा क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली. लोकसंख्येबरोबरच घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण व आर्थिक महत्त्व हेही निकष घटनेने सांगितले. तथापि कायद्याचे दार उघडूनही कोरेगाव दोन दशकांहून अधिक काळ उंबरठ्यावरच राहिले. पुढे तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे सरसकट नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण राज्य शासनाने स्वीकारले. त्यातून २०१६ मध्ये कोरेगाव नगरपंचायत अस्तित्वात आली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कडेगाव, कवठेमहांकाळ व शिराळा ही गावेही याच वाटेने गेली.

या धोरणाचे महत्त्व असे, की गावाचे डोके मोजण्याऐवजी गाव कोणते कार्य करते, हे शासनाने प्रथमच निर्णायक मानले.

लाभ आणि किंमत :
नगरपंचायतीमुळे प्रभागनिहाय प्रतिनिधित्व, मुख्याधिकाऱ्याच्या हाताखालील स्वतंत्र प्रशासन, विकास आराखडा करण्याचा अधिकार आणि नागरी योजनांचा निधी ही साधने मिळाली. याची किंमतही मोजावी लागली. ग्रामसभा हे थेट प्रश्न विचारण्याचे व्यासपीठ संपुष्टात आले. ग्रामीण योजनांचा, विशेषतः रोजगार हमीचा आधार भूमिहीन मजुरांसाठी उरला नाही. शहराचा दर्जा मिळाला तरी शेतमजुराचे पोट शेतीवरच राहिले.

दुसऱ्या निवडणुकीचा अनुभवही बोलका आहे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन प्रश्नामुळे मतदान २१ डिसेंबर २०२१ व १८ जानेवारी २०२२ असे दोन टप्प्यांत झाले. २०२१ ची जनगणना न झाल्याने दशकभरापूर्वीची आकडेवारीच आधाराला होती. वेगाने वाढणाऱ्या गावाचा कारभार जुन्या मोजमापावर चालविण्याची ही अडचण दर्जा बदलून सुटली नाही.

निष्कर्ष :
कोरेगावच्या संदर्भात शासनाची प्रगती निर्विवाद आहे. परंतु ती वाढीच्या पुढे चाललेली नाही, मागून आलेली आहे. आराखडा येण्यापूर्वी घरे उभी राहिली, की नियोजनाचे काम दुरुस्तीपुरते उरते. यापुढे संक्रमणशील गावांना दर्जा देण्यापूर्वीच नियोजनाचा अधिकार देणे, दैनंदिन रहदारीचा भार निधीवाटपात धरणे व प्रभागसभांतून ग्रामसभेची उणीव भरून काढणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास नगरपंचायत ही केवळ ग्रामपंचायतीच्या इमारतीवरील नवी पाटी ठरण्याचा धोका संभवतो.