नॅस नदीकांठचें स्वराज्य

एखाद्या समाजाचें राज्य तरवारीनें बुडतें, तसेंच तें तिजोरीची किल्ली काढून घेऊनही बुडवितां येतें. दुसरा मार्ग अधिक शांत असतो. त्यांत रक्त सांडत नाहीं आणि म्हणून इतिहासांत त्याचा गाजावाजाही होत नाहीं. कॅनडांतील निस्गा लोकांची कथा या दुसऱ्या मार्गाची आहे.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्येस नॅस नदी समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यांत निस्गांची प्राचीन काळापासून वस्ती आहे. समाज चार कुळांचा, आणि कूळ आईकडून चालावयाचें. शिकारीचें रान कोणत्या घराण्याचें, मासेमारीची जागा कोणाची, मृत सरदाराचें नांव व पदवी कोणी धारण करावी, हें सारें मोठ्या मेजवानीच्या प्रसंगीं सर्वांसमक्ष जाहीर होई. लेखी दप्तर नव्हतें. जमलेले पाहुणे हेंच दप्तर, आणि त्यांना दिलेल्या भेटी ही त्यांच्या साक्षीची पोंच. बाहेरच्यांना ही नुसती उधळपट्टी वाटली, परंतु निस्गांचें न्यायासन आणि कायदेमंडळ तेथेंच होतें.

१८७६ सालीं कॅनडाच्या पार्लमेंटनें 'इंडियन ॲक्ट' केला. यांतील 'इंडियन' म्हणजे हिंदी माणूस नव्हे. कोलंबसाच्या भ्रमानें अमेरिकेच्या मूलनिवाशांना चिकटलेलें तें नांव. या कायद्यानें जुनीं राष्ट्रें 'बँड' नांवाच्या लहान लहान गटांत वांटलीं गेलीं, आणि त्यांचा पैसा व जमीन सरकारच्या हातीं गेली. १८८४ च्या दुरुस्तीनें त्या मेजवान्याच गुन्हा ठरल्या. दप्तर जाळावें, तसें हें झालें.

निस्गा मात्र गप्प बसले नाहींत. १८८७ सालीं त्यांचे व शेजारच्या त्सिमशियन लोकांचे सरदार प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया येथें गेले. त्यांचें मागणें साधें होतें: आमच्या भूमीविषयीं तह करा आणि आमचा कारभार आम्हांस पाहूं द्या. मुख्य प्रधान विल्यम स्मिथ यानें, गोरे येण्यापूर्वीं तुम्ही रानांतील पशूंहून फारसे बरे नव्हतां, असें सुनावून त्यांची बोळवण केली. पुढें १८९० मध्यें निस्गांनीं भूमि-समिति स्थापिली, आणि १९१३ मध्यें तिनें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाकडे अर्ज धाडला. हिंदुस्थानांतील इनामांचे व वारसांचे दावे ज्या दारापर्यंत जात, तेंच हें दार. पण निस्गांसाठीं तें उघडलें नाहीं.

याचें उत्तर १९२७ सालीं आलें, तें मोठें विलक्षण होतें. सरकारच्या लेखी संमतीवांचून, मूलनिवाशांचा हक्क मिळवून देण्यासाठीं त्यांच्याकडून वर्गणी गोळा करणें वा पैसा घेणें हा कायद्यानें अपराध झाला. हक्क नाहीं, असें न्यायासनासमोर सिद्ध करण्याची यातायात कोणीं केली नाहीं. वकिलाची फी देण्याची वाट तेवढी बंद केली. हें कलम १९५१ पर्यंत कायम होतें.

१९४९ सालीं फ्रँक कॅल्डर हे निस्गा गृहस्थ प्रांताच्या कायदेमंडळांत निवडून आले. १९५५ मध्यें निस्गांचें मंडळ उभें राहिलें आणि पुढें कॅल्डर यांच्या नांवानें खटला सुरू झाला. ३१ जानेवारी १९७३ रोजीं सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. सात न्यायाधीशांपैकीं सहांनीं मान्य केलें, कीं गोऱ्यांच्या आगमनापूर्वींपासून मूलनिवाशांचा भूमीवर कायदेशीर हक्क होता. तो अद्याप शिल्लक आहे काय, यावर तिघे एका बाजूस आणि तिघे दुसऱ्या बाजूस पडले. सातव्यानें, सरकारवर दावा लावण्याची रीतसर परवानगी घेतलेली नाहीं, या मुद्द्यावर तो फेटाळला. निस्गा खटला हरले. पण त्याच वर्षीं मध्यवर्ती सरकारला वाटाघाटींचें धोरण जाहीर करणें भाग पडलें.

वाटाघाटी १९७६ मध्यें सुरू झाल्या. प्रांतसरकार त्यांत १९९० मध्यें सामील झालें. वकील, नकाशे व प्रवास यांचा खर्च भागविण्यासाठीं सरकारनें मूलनिवासी राष्ट्रांना पैसे दिले खरे, पण बव्हंशीं कर्जाऊ. आपलीच भूमि परत मागण्यासाठीं ती घेणाऱ्याकडूनच ऋण काढावयाचें, असा हा न्याय! अखेर ११ मे २००० रोजीं तह अंमलांत आला. सुमारे २,००० चौरस किलोमीटर भूमि, सुमारे १९ कोटी डॉलर आणि स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार निस्गांस मिळाला. पूर्वजांच्या प्रदेशाचा हा लहानसाच भाग, आणि करमाफीही टप्प्याटप्प्यानें सोडावी लागली. म्हणून कांहीं निस्गांनाच हा सौदा महाग वाटला. तथापि व्हिक्टोरियाच्या पायरीवरून परत फिरलेली मागणी ११३ वर्षांनीं पदरांत पडली.

इतर राष्ट्रांची स्थिति इतकी सुदैवी नव्हती. १९९६ मध्यें एका शाही आयोगानें दाखविलें, कीं कॅनडांत मूलनिवाशांच्या वस्त्या हजाराच्या घरांत असल्या, तरी इतिहाससिद्ध राष्ट्रें ६० ते ८० च आहेत, आणि स्वराज्य पेलावयाचें तें राष्ट्रांनीं. विखुरलेल्या गटांनीं पुन्हा एकत्र यावें, यासाठीं २०१८ च्या अंदाजपत्रकांत पांच वर्षांकरितां १० कोटी १५ लक्ष डॉलरांची तरतूद झाली. पुढल्या वर्षीं वाटाघाटींचीं थकलेलीं कर्जें माफ करण्याचें, आणि ज्यांनीं तीं फेडलीं त्यांना रक्कम परत देण्याचें ठरलें. त्यासाठीं १४० कोटी डॉलर योजिले गेले.

एके काळीं ज्या सरकारनें वर्गणी हा गुन्हा ठरविला, त्यानेंच आपली तिजोरी उघडावी, हा काळाचा महिमा खरा. परंतु याला औदार्य म्हणतां येत नाहीं. जें मोडलें तें सांधण्याचा खर्च मोडणारानें सोसणें, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय मुदतीच्या अनुदानावर उभें राहिलेलें स्वराज्य मुदतीबरोबर डळमळूं शकतें. निस्गांच्या स्वराज्याला तहाचा व भूमीचा पाया मिळाला. तो पैशानें विकत आलेला नव्हता. पैसा गोळा करणें हाच अपराध होता, त्या काळींही मागणी न सोडणाऱ्या पिढ्यांनीं तो घातला होता.