डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण

पालघर जिल्ह्यातील डहाणू या एकाच तालुक्यासाठी नेमलेले वैधानिक मंडळ. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९ डिसेंबर १९९६ रोजी ते स्थापन केले. अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. सोबत जलविज्ञान, सागरविज्ञान, परिसंस्था, पर्यावरण अभियांत्रिकी व नियोजन या विषयांतले तज्ज्ञ आणि शासकीय अधिकारी, अशी त्याची रचना आहे.

या मंडळाचे मूळ औष्णिक वीज केंद्राच्या वादात आहे. डहाणूच्या खाडीलगत ५०० मेगावॅटचे केंद्र उभारायला १९८९ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. राखेने आणि गंधकाच्या धुराने चिकूच्या वाड्या व मासेमारी बुडेल, या भीतीने स्थानिकांनी न्यायालयात धाव घेतली; पण १९९१ मध्ये निकाल वीज केंद्राच्या बाजूने लागला. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. उद्योगांसाठी तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर जमीन आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा, अशा या अधिसूचनेच्या अटी होत्या. त्या कागदावरच राहिल्या म्हणून ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी १९९४ मध्ये याचिका केली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडून पाहणी करवून घेतली आणि अहवालातील शिफारशींच्या अंमलबजावणीचे काम या नव्या मंडळावर सोपवले.

एरवी शासकीय समितीत तज्ज्ञ अभिप्राय देतो, अधिकारी निर्णय घेतो आणि पुढे काही बिघडले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे तज्ज्ञ निर्णय घेणाऱ्यांतच होते आणि निर्णय बंधनकारक होता. शिवाय न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व घालून दिले होते : प्रकल्प निरुपद्रवी आहे हे प्रकल्पवाल्याने सिद्ध करायचे, तो घातक असल्याचे कोळ्याने किंवा बागायतदाराने नव्हे. विज्ञानाला ठाम उत्तर देता येत नाही तिथे पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर यावरच निकाल ठरतो. मंडळाची खरी ताकद या अटीत होती.

पहिले अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ही ताकद वापरली. गांधीवादी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे ते पुत्र. जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते या पदावर होते. वीज केंद्राने धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. कंपनीने चालढकल केली, न्यायालयीन फेऱ्या झाल्या, बँक हमी मागावी लागली. अखेर २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा सुरू झाली. देशातल्या बहुतेक वीज केंद्रांत अशी यंत्रणा तेव्हा नव्हती. त्याआधी १९९८ मध्ये ‘पी अँड ओ’ या परदेशी कंपनीचे तालुक्याच्या किनाऱ्यावरील नियोजित वाढवण बंदर प्राधिकरणाने नाकारले होते. १९९१ च्या अधिसूचनेत असे बंदर बसत नाही, एवढे कारण त्याला पुरले.

तालुक्याची हद्द ओलांडली की चित्र पालटते. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत शेजारच्या पालघर तालुक्यात, म्हणजे त्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यातच आहे. पण ती अधिसूचनेच्या आधीपासूनची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते, म्हणून मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. लवादाने तज्ज्ञ समिती नेमली, कारखान्यांवर भरपाई लावली. हे सारे नुकसान झाल्यानंतरचे. डहाणूत परवानगी आधी घ्यावी लागे, तारापुरात हिशेब मागाहून झाला. दोन शेजारी तालुक्यांतला हा फरक कोणत्याही धोरणपुस्तकाहून जास्त शिकवतो.

नंतर उद्भवलेल्या धोक्यांनाही या रचनेत जागा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी भागात लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले, जिल्हा प्रशासनाने तंबू दिले. जिल्ह्यातच असलेल्या तारापूर अणुवीज केंद्राबाहेरील आपत्कालीन आराखडा जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर अणुसुरक्षेचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. भूकंप, अणुभट्टी आणि रासायनिक कारखाने यांचा एकत्र विचार करून बंधनकारक निर्णय देईल, असे डहाणूच्या धर्तीचे मंडळ जिल्ह्यासाठी नाही.

बंदराचा प्रश्न परत आला तो जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणामार्फत. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, गटातून काढून ‘अ-औद्योगिक’ ठरवले. समुद्र तोच, किनारा तोच. व्याख्या तेवढी बदलली. ३१ जुलै २०२३ रोजी डहाणू प्राधिकरणाने अटी घालून वाढवणला संमती दिली. उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मच्छीमार संघटनांचा विरोध त्यानंतरही कायम राहिला.

प्राधिकरण स्थापणारे केंद्र सरकार आणि बंदर बांधू पाहणारेही केंद्र सरकारच. न्यायालयाच्या आदेशातून जन्मलेल्या मंडळाचा हा दोष स्थापनेपासूनचा आहे. धर्माधिकारींच्या काळात तो फक्त झाकला गेला.