विड्याचं पान औषध की विष? मिरजेच्या पानमळ्यातली वेल आणि कॅन्सरची यादी

व्हॉट्सॲपवर विड्याच्या पानाचे दोन मेसेज आलटून पालटून फिरत असतात. पहिल्यात लिहिलेलं असतं की रोज सकाळी एक पान चावा, शुगर, ॲसिडिटी, खोकला, तोंडाचा वास सगळं पळून जाईल. दुसऱ्यात कुणाच्या तरी जबड्याचा भयंकर फोटो असतो आणि खाली सूचना, पान खाऊ नका, कॅन्सर होतो. दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर, कधी कधी एकाच काकांकडून येतात.

घोळ होतो तो 'पान' या एका शब्दामुळे. वेलीवरून खुडलेलं हिरवं पानही पानच आणि टपरीवर चुना, कात, सुपारी, तंबाखू भरून मिळतं तेही पानच. या दोघांतला फरक नीट कळला की दोन्ही मेसेजचा निकाल लागतो. शिवाय सांगली जिल्ह्यात या वेलीवर घरं चालवणाऱ्या शेतकऱ्यांचं दुखणंही त्यातून समजतं.

मिरीची बहीण

या वेलीला नागवेल म्हणतात, पानवेल म्हणतात. पानाला कुणी विड्याचं पान म्हणतं, कुणी नागिणीचं, तर कुणी नुसतं खायचं पान. शास्त्रीय नाव पायपर बीटल. काळी मिरी आणि पिंपळी याच कुळातल्या, त्यामुळे पानाचा तिखटपणा आणि झणका कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

मूळची ती आग्नेय आशियातली. उबदार हवा, सावली, ओल, पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, असे तिचे नखरे. प्रत्येक पेऱ्याला बारीक मुळ्या फुटतात आणि त्यांनी आधार धरत ती वर चढते. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. मळ्यात मात्र बी कुणी लावत नाही. वेलीचेच तुकडे लावून नवी वेल तयार करतात. म्हणजे एका गावातले मळेच्या मळे एकाच जुन्या वेलीची वाढवलेली फांदी असू शकतात. चौदाव्या शतकात भारतात फिरलेल्या इब्न बतूतालाही याचं नवल वाटलं होतं. फळासाठी नाही, फक्त पानासाठी लोक ही वेल वाढवतात, अशी नोंद त्यानं केली आहे.

दुष्काळी पट्ट्यात जंगल उभं करायचं

आता ही जंगलातली नाजूक वेल सांगली जिल्ह्यात कुठे वाढते? तर मिरजेच्या पूर्व भागात. आरग, बेडग, नरवाड, मालगाव ही पानमळ्यांची गावं. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यासारखा हा भाग नाही, इथला पाऊस बेताचाच. इथून कृष्णेच्या उगमाकडे, साताऱ्यातल्या महाबळेश्वरला गेलात तर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मिरजेत त्याच्या एक दशांशाच्या आसपास.

मग शेतकरी काय करतो? तो वेलीसाठी छोटं जंगलच उभं करतो. आधी ओळीनं शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झपाट्यानं वाढणारी झाडं लावायची. तीच वेलीचा आधार आणि तीच तिची सावली. बंगालमध्ये यासाठी बांबू-गवताच्या बंदिस्त झोपड्या करतात, आपल्याकडे जिवंत झाडांवर काम भागतं. बाहेरून गरम वारं घुसू नये म्हणून मळ्याला कडेनं आडोसा करायचा. पाणी थोडं थोडं पण सतत द्यायचं. आत शिरलं की भर एप्रिलमध्येही हवा थंड लागते.

वेल वर गेली की काम संपत नाही. जसजशी ती वाढते तसतशी आधाराला बांधत जायची. शेंडा हाताबाहेर गेला की पूर्ण वेल खाली घ्यायची, खालचा पानं झडलेला भाग गुंडाळून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा वर चढवायचा. याला उतरण म्हणतात. पुरलेल्या पेऱ्यांना नव्या मुळ्या फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. हे काम यंत्रानं होत नाही, नवख्या माणसालाही जमत नाही. वेल मोडली की हंगाम गेला. खुडणीही तशीच, एकेक पान देठासकट हातानं, मग निवड, मग मोजून चळत लावणं. म्हणून पानमळा बहुतेक वेळा गुंठ्यांत मोजतात. एकरांनी लावणारे थोडे.

पाण्याचा हिशेबही बघण्यासारखा आहे. या भागाला आधार मिळाला तो म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचा. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयना धरणात अडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं, नदीनं सांगलीपर्यंत उतरतं आणि म्हैसाळला पंपांनी उचलून पूर्वेकडे चढवलं जातं. टपरीवरच्या पानामागे एवढा प्रवास असतो.

मळ्यात चप्पल घालून जायचं नाही, हा अनेक ठिकाणचा जुना नियम. वेल देवाची, म्हणून. त्यात व्यवहारही आहे. पानवेलीचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे मर रोग. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव ओल्या मातीतून मुळं आणि खोड कुजवतो आणि बघता बघता उभी वेल सुकते. दुसऱ्याच्या रानातली माती तळव्याला चिकटून आली तर रोगही सोबत येऊ शकतो. पण पाळी आलेल्या बाईनं मळ्यात जाऊ नये, हा जो दुसरा नियम काही ठिकाणी सांगितला जातो, त्याला असला कुठलाही आधार नाही.

वास येतो कुठून

पान चुरगळलं की जो उग्र वास नाकात शिरतो, तो पानातल्या उडनशील तेलाचा. त्यात युजेनॉल असतं, तेच जे लवंगेत असतं. म्हणून पान चावल्यावर जीभ किंचित बधिर होते. शिवाय चॅविकॉल, चॅविबेटॉल आणि त्यांची भावंडं. कुठला घटक किती, हे जातीवर ठरतं, म्हणून कलकत्ता पान, बनारसी, मघई यांची चव वेगळी लागते. महाराष्ट्रात, मिरज भागातही, प्रामुख्यानं कपुरी जात लावतात. पान मऊ, तिखटपणा कमी.

हे तेल वेलीनं आपल्यासाठी केलेलं नाही. किडे आणि जंतू दूर ठेवण्याची ती तिची सोय. प्रयोगशाळेत पानाचा अर्क अनेक जिवाणूंची वाढ रोखतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पान खाल्ल्यावर तोंड ताजं वाटतं त्यामागे हे आहे आणि सुटणारी लाळही आहे.

यादीत नाव कुणाचं?

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, म्हणजे आयएआरसी, कुठल्या गोष्टीनं कॅन्सर होतो याची वर्गवारी करते. १९८५ मध्ये तिनं तंबाखू घातलेला विडा कॅन्सरकारक ठरवला. बिनतंबाखूच्या विड्याबद्दल तेव्हा पुरावा अपुरा होता. २००४ मध्ये आलेल्या अहवालात मात्र चित्र स्पष्ट झालं. तंबाखू असलेला विडा, तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारी, तिन्ही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्यांत.

'मी तंबाखू खात नाही, साधं पान खातो' असं म्हणणाऱ्यांनी मधलं वाक्य पुन्हा वाचावं. साध्या पानात सुपारी असते आणि खरी गडबड तिथे आहे. सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या घटकांमुळे गालाच्या आतली त्वचा कडक, तंतुमय होत जाते. तोंड उघडेनासं होतं, तिखट सहन होत नाही. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. चुना त्यात भर घालतो. पिचकारीचा लाल रंगही चुन्याशी सुपारी आणि कात यांची गाठ पडल्यामुळे येतो. हिरव्या पानाचा तो रंग नाही.

हिरव्या पानाला या यादीत स्वतंत्र जागा नाही. उलट मुंबईत, टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात आणि १९९१ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत पानातलं हायड्रॉक्सीचॅविकॉल हे द्रव्य पेशींतली घातक बिघाडाची प्रक्रिया अडवतं असं आढळलं. पानाचा अर्क दिलेल्या उंदरांत रसायनानं होणाऱ्या पोटाच्या गाठी कमी झाल्या. पण हे उंदीर होते, माणसं नव्हेत. यावरून 'पानानं कॅन्सर बरा होतो' असा मेसेज तयार करणं म्हणजे शुद्ध थाप. आणि विड्यात घातलेलं पान सुपारीचं विष मारतं असंही नाही. मारत असतं तर बिनतंबाखूचा विडा यादीत गेलाच नसता.

आता गंमत, खरं तर कडू गंमत. गुटखा आणि पानमसाला ज्या पुड्यांमधून घरोघर पोचले त्यांच्या नावात 'पान' आहे, पण पुडीत सुपारी, कात, चुना, वास आणि गुटख्यात तंबाखू. हिरवं पान त्यात नसतंच. म्हणजे पुडी आली आणि विड्यातला एकुलता एक निरुपद्रवी घटक तेवढा बाहेर पडला. महाराष्ट्र सरकारनं जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली. त्या बंदीत मिरजेच्या मळ्यातलं काहीच नव्हतं, तरी 'पान वाईट' हा शिक्का वेलीवर बसला तो बसलाच.

आजीचं औषध कितपत खरं

सातारा-सांगलीकडच्या घरांत पानाचे उपाय अजून चालतात. लहान मुलाची छाती भरली की पानाला एरंडेल लावून, तव्यावर किंचित गरम करून छातीवर ठेवतात. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा, बाळंतशोपा घालून विडा देतात. खोकल्याला पानाचा रस मधातून देतात. जेवण जड झालं तर नुसतं पान चावतात.

गरम पानाची ऊब बाळाला बरी वाटते, हे समजण्यासारखं आहे. फक्त बाळाची कातडी नाजूक असते, पान गरम राहिलं तर भाजतं. आणि बाळ धापा टाकत असेल, दूध घेत नसेल, तर पान ठेवून बघण्यात रात्र घालवू नये, सरळ दवाखाना गाठावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात देऊ नये. बाळंतविड्यात सुपारी टाळलेली बरी. मधुमेहाचं म्हणाल तर पानाच्या भरवशावर गोळी बंद करावी एवढा पुरावा कुठेही नाही.

निरोगी मोठ्या माणसानं जेवणानंतर स्वच्छ धुतलेलं एखादं पान बडीशेप आणि थोड्या गुलकंदाबरोबर खाल्लं तर घाबरण्यासारखं काही नाही. धुणं मात्र गरजेचं. रोग पडू नये म्हणून मळ्यात फवारण्या होतात आणि हे पान आपण शिजवत नाही, कच्चं खातो.

कुंडीतलं पान खाण्याआधी

शहरात आता बऱ्याच बाल्कन्यांत पानवेल दिसते. तिच्या शेजारीच मनीप्लँट असतो आणि दोघांची पानं बदामाच्या आकाराची. मनीप्लँटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. चावलं तर तोंड, घसा भाजल्यासारखा होतो, ओठ सुजतात. गुळवेलीचं पानही साधारण त्याच आकाराचं. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयानं दुसरीच सारखी दिसणारी वेल घेतली गेली असेल असं म्हटलं होतं. वाद राहू द्या, पण आकारावरून वेल ओळखू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं. पानवेलीची खूण तिचा वास. पान चुरगळा, लवंग-मिरीसारखा झणका आला नाही तर तोंडात घालू नका.

मळ्याचं पुढे काय

खुडलेलं पान थांबत नाही. काही दिवसांत पिवळं पडतं, काळं पडतं. बेदाणा किंवा हळदीसारखं ते कोठारात ठेवून भावाची वाट बघता येत नाही. सांगलीच्या त्या दोन मालांना भौगोलिक मानांकनही मिळालं, बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये. पान मात्र रोजच्या गाडीवर अवलंबून. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, टपऱ्या बंद, लग्नं बंद, देवळं बंद. वेलीला हे कळत नाही, ती पानं देतच राहते. आणि खुडली नाहीत तर मळा बिघडतो, म्हणून मजुरी देऊन पानं खुडायची आणि टाकून द्यायची अशी पाळी येते.

सणासुदीला आणि लग्नसराईत भाव चढतो, कारण पूजेला दोन पानं आणि सुपारी लागतेच, माहूरच्या रेणुकेचा तर प्रसादच तांबुलाचा. पण पूजेच्या दोन पानांवर मळे चालत नाहीत. रोजचा खप टपरीवर आणि टपरीवरचं पान म्हणजे सुपारी. डॉक्टर सुपारी सोडा म्हणतात ते बरोबरच आहे आणि लोकांनी ऐकलं की पानाचाही उठाव कमी होतो.

वाया जाणाऱ्या पानातून तेल काढण्यावर आयआयटी खरगपूरमध्ये काम झालं आहे. साबण, टूथपेस्ट, अत्तर, सरबत, आइस्क्रीम अशा ठिकाणी ते वापरता येतं. तेलाचं प्रमाण बंगला आणि मिठा या जातींत चांगलं असतं, ते सगळ्या जातींत सारखं नाही. त्यामुळे कपुरी लावणाऱ्या मिरजेच्या शेतकऱ्यानं यंत्रात पैसे घालण्याआधी आपल्या पानातून किती तेल निघतं, हे आधी तपासून घ्यायला हवं.