कावेरीकाठी रुजलेलं कीर्तन

तंजावरच्या शहाजीराजे भोसल्यांनी 'पंचभाषाविलास' नावाचं एक नाटक लिहिलं. श्रीकृष्णावर जीव जडलेल्या चार राजकन्या त्यात आपापल्या मुलखाची बोली बोलतात: तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी. कृष्ण मात्र संस्कृतात उत्तरं देतो. हे शहाजीराजे म्हणजे शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे चिरंजीव. त्यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केलं. असं नाटक लिहायचं तर पाचही भाषा समजणारा प्रेक्षक समोर हवा, आणि तो तंजावरात होता.

व्यंकोजी विजापूरच्या फौजेबरोबर दक्षिणेत गेले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. त्यांच्यामागून शिलेदार गेले, मोडीत हिशेब मांडणारे कारकून गेले, पुराणिक गेले, रामदासी गेले. तंजावर, मन्नारगुडी इथे समर्थ संप्रदायाचे मठ उभे राहिले. ही माणसं परमुलखात होती, पण ती तिथली गाणी आणि नाटकं मन लावून ऐकत-पाहत होती. त्याआधीच्या नायक राजांच्या दरबारात यक्षगान हे तेलुगू गीतनाट्य बहरलं होतं. त्याच साच्यात शहाजीराजांच्या काळी 'लक्ष्मीनारायणकल्याण'सारखी मराठी नाटकं लिहिली गेली. मराठी रंगभूमीची सुरुवात मानलं जाणारं विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' सांगलीत १८४३ साली झालं. त्याच्या दीडेकशे वर्षं आधीचं हे मराठी नाटक तेलुगूचं ऋणी आहे, आणि मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना हे ऋण मोठ्याने सांगायला हवं.

फेड झाली ती कीर्तनाने. तमिळ मुलखात पुराणकथा सांगण्याची परंपरा जुनीच होती. मराठी बुवांनी तिथे नेलं ते कीर्तनाचं पूर्ण रूप: उभं राहून कथा सांगणं, हातात चिपळ्या, मागे साथीला गाणारे आणि मृदंग, आणि निरूपणात जागोजागी ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या. समर्थांच्या परंपरेतले मेरुस्वामी तंजावरहून पुढे त्रावणकोरला गेले. तिथल्या स्वाती तिरुनाळ महाराजांना त्यांच्या कीर्तनाने असं वेड लावलं की, त्यांनी स्वतः अजामिळ आणि कुचेल म्हणजे आपला सुदामा यांची आख्यानं संस्कृतात रचली. १८६० च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं तंजावरात गाजली.

ती ऐकणाऱ्यांत एक तमिळ तरुण होता, कृष्ण भागवतर. कर्नाटक संगीतात मुरलेल्या या माणसाने मराठी कीर्तनाचा बाज नीट अभ्यासला, साकी-दिंडीची वृत्तं उचलली, त्यांत त्यागराजांच्या कृती आणि तमिळ पदं गुंफली. तमिळ हरिकथेचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. कथेच्या मांडणीत मराठी कीर्तनाच्या खुणा राहिल्या, राग आणि भाषा मात्र कावेरीकाठची. पुढे सी. सरस्वतीबाईंनी ही कला हाती घेतली. बाईने कथेला उभं राहावं, हे त्या काळच्या पुष्कळ पुरुष कलावंतांना सोसवलं नाही. त्यांचा विरोध पचवून सरस्वतीबाईंनी गावोगावी कथा केल्या. कर्नाटक संगीताच्या मैफली अखेरीकडे वळल्या की आजही अभंग ऐकू येतो. अरुणा साईराम यांच्या 'तीर्थ विठ्ठल'ची श्रोते वाट पाहत असतात.

या देवघेवीतलं दरबाराचं श्रेय दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्याकडे जातं. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय भरभरून वाढवलं, छापखाना काढला, आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार तमिळ भावांनी भरतनाट्यमच्या सादरीकरणाचा आजचा क्रम बसवला. राजा मराठी, गुरू तमिळ, पदं बहुतेक तेलुगू.

१८५५ मध्ये इंग्रजांनी हे राज्य खालसा केलं. कलावंतांना आश्रय शोधावा लागला. १८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पुढच्या पहिल्या चिमणाबाईंशी झाला. वधूबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू बडोद्याला आले आणि दरबाराच्या कलावंत कारखान्यात रुजू झाले. त्यांच्याच घराण्यातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवू लागले.