रंगीत तालीम आणि पहिला प्रयोग : भारतातील ‘बीटा’ आवृत्त्यांची कहाणी

१२ ऑगस्ट २००९. विक्रम साराभाई यांचा जन्मदिवस. त्या दिवशी नवी दिल्लीत, पंतप्रधान कार्यालयाचे तत्कालीन राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. भारतीय उपग्रहांनी टिपलेली भारतभूमीची चित्रे सामान्य नागरिकाला घरबसल्या पाहता यावीत, हा त्यामागचा हेतू. मात्र या नावासोबत एक छोटासा शब्द जोडलेला होता : ‘बीटा’. सरकारी विज्ञानसंस्थेने अपुरे काम जाणूनबुजून लोकांसमोर मांडावे आणि ते अपुरे असल्याचे स्वतःच जाहीर करावे, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

हा शब्द संगणकाच्या जगात बराच जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आयबीएम कंपनीत नव्या यंत्रांच्या चाचण्यांना ‘ए’, ‘बी’ अशी अक्षरे दिली जात. त्यांचीच पुढे ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ झाली. अल्फा चाचणी घरातल्या घरात, बनवणाऱ्यांनीच घ्यायची. बीटा चाचणीसाठी वस्तू बाहेरच्या मोजक्या लोकांच्या हाती द्यायची. मराठी रंगभूमीवर घरच्या तालमी झाल्या की जाणकारांना बोलावून रंगीत तालीम दाखवतात, तसेच काहीसे. चूक तिथे झाली तर चालते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासमोर झाली तर चालत नाही.

महाजालाने ही रेघ पुसट केली. १९९४ च्या ऑक्टोबरात नेटस्केपने आपल्या ब्राउझरची चाचणी आवृत्ती कोणालाही उतरवून घेता येईल अशी खुली केली आणि डिसेंबरात पहिली पूर्ण आवृत्ती आली. दोन महिन्यांत जगभरच्या वापरकर्त्यांनी विनावेतन परीक्षकाचे काम केले. त्यापुढची पायरी वेब ॲप्लिकेशनची. तिथे कार्यक्रम वापरकर्त्याच्या संगणकावर नसतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. रात्री एक ओळ बदलली की सकाळी सर्वांना बदललेलेच रूप दिसते. फ्लॉपी वा सीडी पाठवावी लागत नाही, म्हणून ‘अंतिम आवृत्ती’ म्हणून काही गोठवण्याची निकडही उरत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जीमेल. १ एप्रिल २००४ रोजी ते ‘बीटा’ म्हणून सुरू झाले. एक गिगाबाइट साठवण देऊ करणारी ही सेवा अनेकांना एप्रिल फूल वाटली, कारण त्या काळी हॉटमेलची मोफत साठवण अवघी दोन मेगाबाइट होती. प्रवेश केवळ निमंत्रणाने मिळे. एखाद्याकडे जीमेलचे निमंत्रण असणे ही मिरवण्याची बाब झाली आणि अपुरी वस्तू वापरायला मिळणे हाच मान ठरला. ‘बीटा’ हा शब्द जीमेलच्या नावाखालून निघाला तो ७ जुलै २००९ रोजी, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाने. मधल्या काळात, २००५ मध्ये, टिम ओ’रायली यांनी या पद्धतीला ‘कायमस्वरूपी बीटा’ असे नावही दिले होते.

जीमेलने तो शब्द टाकला आणि पाच आठवड्यांनी ‘भुवन’ने तो उचलला. पण दोहोंमध्ये अंतर होते. जीमेलने दार किलकिले ठेवून एकेकाला आत घेतले. ‘भुवन’चे दार पहिल्याच दिवशी सर्वांसाठी उघडले. कुतूहलाने आलेल्या गर्दीपुढे संकेतस्थळ मंदावले. नोंदणी करावी लागे, वेगळा प्लग-इन बसवावा लागे आणि तो विंडोजवरच चाले. गूगल अर्थवर महानगरांतली घरे मोजता येत होती. इकडे २००१ च्या सुदूर संवेदन धोरणानुसार ५.८ मीटरपर्यंतचीच चित्रे मुक्तपणे देता येत. चाचणी आवृत्तीतील काही उणिवा तंत्रज्ञांच्या हातातल्या असतात, तर काही धोरण आखणाऱ्यांच्या; ‘भुवन’मध्ये दोन्ही दिसल्या. २०११ च्या नव्या धोरणाने ही मर्यादा एक मीटरवर आणली. ब्राउझरची बंधनेही कालांतराने सुटली. ज्या ‘भुवन’ची पहिल्या आठवड्यात थट्टा झाली, त्याच ‘भुवन’वर पुढे ग्रामीण रोजगार हमी योजनेतील तळी, विहिरी, बंधारे यांच्या नोंदी नकाशासह चढू लागल्या.

पैशाच्या बाबतीत मात्र अशी उघडी तालीम परवडणारी नव्हती. ‘यूपीआय’चा प्रारंभ ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाला. २१ बँका प्रायोगिक टप्प्यात सहभागी होत्या. सामान्य ग्राहकासाठी बँकांची ॲप २५ ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर येऊ लागली. मधले चार महिने तालमीचे होते. तरीही २०१७ च्या आरंभी एका सरकारी बँकेच्या प्रणालीतील चुकीमुळे, खात्यात पुरेशी शिल्लक नसतानाही पैसे पुढे गेल्याचे उघड झाले. रक्कम सुमारे २५ कोटी रुपये होती. तालमीत सापडत नाहीत असे काही दोष खऱ्या गर्दीतच सापडतात, हा धडा तेव्हा पुन्हा मिळाला.

मग आली महासाथ. कोविड लसीकरणासाठी उभारलेल्या ‘कोविन’ प्रणालीची तालीम २८ व २९ डिसेंबर २०२० रोजी आसाम, आंध्र प्रदेश, गुजरात आणि पंजाब या चार राज्यांत झाली. २ जानेवारी २०२१ ला ती देशभर घेतली गेली. महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार हे जिल्हे त्यासाठी निवडले होते. लस सोडून सारे काही खरे होते. लाभार्थ्याची नोंद, केंद्राचे वाटप, संदेश, प्रतीक्षाकक्ष यांची क्रमाने पडताळणी झाली. १६ जानेवारीला प्रत्यक्ष मोहीम सुरू झाली, तेव्हाही पहिल्या दिवशी प्रणाली अडखळली आणि काही ठिकाणी कागदावर नोंदी कराव्या लागल्या. परंतु हे पहिले लाभार्थी आरोग्य कर्मचारी होते. त्यांची नावे आधीच भरलेली होती आणि मदतीला सहकारी जवळ होते.

खरी परीक्षा २८ एप्रिलला झाली. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी दुपारी चार वाजता नोंदणी खुली होताच संकेतस्थळावर लोंढा आला. अनेकांना ओटीपी मिळेना, पान उघडेना. तरी त्या एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. यंत्र सावरले; प्रश्न उरला तो माणसांचा. लशी थोड्या, मागणी अफाट. ज्याच्याकडे वेगवान जोडणी, इंग्रजीची सवय आणि दिवसभर पडद्यासमोर बसण्याची सोय, त्याला वेळ मिळे. काही तरुणांनी मोकळ्या जागा हुडकून सूचना देणारे कार्यक्रमही लिहिले. त्याच गावातील शेतमजुराला संकेतस्थळ अडखळले आहे, हे कळण्याचाही मार्ग नव्हता.

हा दोष कोणत्याही तालमीत दिसला नसता. तालमीत लाभार्थी ठरवून आणलेले असतात. जो केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याची नोंद चाचणीच्या तक्त्यात कुठेच होत नाही. बिघडलेले बटण तक्रार करणाऱ्यामुळे कळते. तक्रार करण्याचेच साधन नसलेल्या माणसाची अडचण न्यायालयात आणि वृत्तपत्रांत मांडावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. जूनमध्ये ‘कोविन’ हिंदीसह मराठी व इतर भारतीय भाषांत आले. २१ जूनपासून लागू झालेल्या नियमांत थेट केंद्रावर येऊन नोंद करण्याची मुभा सर्वांना मिळाली. संगणकीय प्रणालीतील सर्वांत मोठी दुरुस्ती अशी प्रणालीबाहेर झाली : केंद्रावर बसलेली परिचारिका वा आशा कार्यकर्ती लोकांच्या वतीने पडदा चालवू लागली.

चाचणी आवृत्ती लोकांपुढे ठेवण्यात प्रामाणिकपणा असतो, यात शंका नाही. आपले काम अपुरे आहे असे सांगणारी संस्था सुधारण्याची वाट मोकळी ठेवते. ‘भुवन’ त्याचे उदाहरण आहे. मात्र नकाशा उशिरा उघडला तर कुतूहल ताटकळते. लशीची नोंद अडली तर जीव टांगणीला लागतो. जीमेल नको असलेल्याला दुसरी सेवा होती. लस हवी असलेल्याला दुसरे दार नव्हते. जिथे दुसरे दार नसते, तिथल्या चाचणीत पहिले निमंत्रण कोणाला द्यायचे, याचे उत्तर या इतिहासातच आहे. ते द्यावे लागते मोबाइल उसना घेऊन, अनोळखी भाषेतले पान चाचपडत उघडणाऱ्या माणसाला. त्याला जमले, म्हणजे सर्वांना जमले.